वळण

त्या रविवारी सकाळी साडेदहा वाजता मी लेकीच्या, इराच्या अंगावरची चादर ओढली आणि म्हणाले, "वळण म्हणून काही नाहीच तुला!" ती कूस बदलून पुन्हा झोपली. ओट्याजवळ खुर्ची ओढून आई मेथी निवडत बसली होती. पहाटे चारला उठून अंघोळ, पूजा, पोथी, दोनदा चहा असं सगळं आटोपून तिचा दिवस तोवर निम्मा झालेला. तिनं मान वर केली नाही. काडीला चिकटलेली माती अंगठ्यानं पुसत एवढंच म्हणाली, "वळण नाही कसं? अण्णांच्या वळणावर गेलीय ती." मी काही बोलले नाही, चादरीची घडी घातली आणि कामाला लागले. पण तो शब्द दिवसभर मनात सलत राहिला. मी म्हणाले ते वळण लावावं लागतं. मुलांना लावतात, अक्षराला लावतात, वेलीला सुतळी बांधून लावतात, त्यासाठी कुणीतरी मागे लागावं लागतं. आई म्हणाली ते वळण कुणी लावत नाही, माणूस ते घेऊनच येतो. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध टोकाच्या, आणि दोन्हीला आपण शब्द एकच वापरतो. पन्नाशी उलटेपर्यंत हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. छापखान्यात छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. आमचं घर एकत्र कुटुंबाचं, आजीच्या रामप्रहरावर चालणारं. पाच वाजता चूल पेटायची, बंबात पाणी तापायचं, सहाला सगळ्यांची अंथरुणं गुंडाळून कोपऱ्यात गेलेली असायची. अण्णांचं तेवढं पसरलेलं. लग्नाआधी ते दिवसपाळीला होते आणि सकाळी आठच्या ठोक्याला पोहोचणं त्यांना कधीच जमलं नाही. आजीनं त्यांच्या तोंडावर पाणी मारून पाहिलं, आत्यानं त्यांचं नाव घुबड ठेवलं, काकांनी चारचौघांत ऐदी म्हटलं. आमच्या शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहिलं होतं, 'लवकर निजे, लवकर उठे'. मी ते वाचायला शिकले तेव्हा पहिल्यांदा अण्णांची लाज वाटली. पुढे ते कायमचे रात्रपाळीत गेले. सगळ्यांना वाटायचं, बिचाऱ्याच्या माथी रात्र मारली. ती त्यांनी स्वतः अर्ज करून मागून घेतली होती, हे आईनं मला ते गेल्यानंतर सांगितलं. रात्री दोन वाजता त्यांचा हात सगळ्यात जलद चालायचा म्हणे. सकाळी साडेसहाला घरी यायचे तेव्हा अंगाला शाई आणि रॉकेलचा वास असायचा, आणि चेहरा असा ताजा की जणू आत्ताच कुठल्या बागेतून फिरून आलेत.

ते आळशी नव्हते. एवढं एक वाक्य त्यांच्या हयातीत घरात कुणी म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मीही म्हटलं नाही.

त्या रविवारी रात्री सगळे झोपल्यावर मी माळ्यावरून एम.एस्सी.च्या वह्या काढल्या. जीवशास्त्र सोडून मला पंचवीस वर्षं झालीत, पण फळमाशीच्या बाटल्यांचा वास अजून नाकात आहे. मक्याचं पीठ, गूळ, अगर-अगर आणि यीस्ट एकत्र शिजवलं की आंबूस-गोड वाफ यायची. ती खळ काचेच्या बाटल्यांत ओतायची, थंड झाली की वर कापसाचा बोळा. आपण घरात केळ्यावर बसलेली चिलटं म्हणतो तीच ही माशी, पण भिंगाखाली पाहिली की विटेसारखे लाल डोळे आणि पोटावर रेघा. मला बेंझर या शास्त्रज्ञाचं नाव तेव्हाच भेटलं होतं. पुस्तकात अर्धं पान, खाली एक आकृती, परीक्षेला पाच गुण. मी ते पाठ केलं आणि विसरले. त्या रात्री वही उघडली तेव्हा माझ्याच अक्षरात, लाल शाईनं अधोरेखित केलेलं दिसलं: 'सीमोर बेंझर. वर्तनाचा आनुवंशिक अभ्यास. एकेक जनुक.' मग मी दोन महिने मिळेल ते वाचत गेले.

हा मनुष्य 1921 साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्मला, पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबात. तेराव्या वर्षी भेट म्हणून सूक्ष्मदर्शक मिळाला. तरी शिकला भौतिकशास्त्र. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पर्ड्यू विद्यापीठात जर्मेनियमच्या स्फटिकांवर त्यानं जे काम केलं ते ट्रान्झिस्टरच्या वाटेवरचं होतं. तिथेच राहिला असता तरी नाव झालं असतं. पण जीवन म्हणजे काय या प्रश्नावरचं भौतिकशास्त्रज्ञ श्रोडिंगरचं छोटं पुस्तक वाचून तो जीवशास्त्राकडे वळला, आणि जीवाणूंना खाणाऱ्या विषाणूंवर काम करत बसला. तोवर जनुक म्हणजे माळेतला अखंड मणी अशी समजूत होती. बेंझरनं 1950च्या दशकात हजारो बिघडलेले विषाणू एकमेकांशी जुळवून पाहिले आणि एकाच जनुकाच्या आतला नकाशा काढला, अमुक बिघाड इथे, तमुक तिथे. मणी फुटतो हे त्यानं दाखवलं. एवढ्या कामावर माणसानं उरलेलं आयुष्य व्याख्यानं देत काढलं असतं तरी कुणी नावं ठेवली नसती.

त्याला दोन मुली होत्या. एकाच घरात वाढलेल्या, आणि स्वभावानं दोन टोकांच्या. हे बघून आपण वर्तनाचा विचार करायला लागलो असं तो पुढे सांगायचा. ही ओळ वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. प्रत्येक घरात हे दिसतं. एकाच आईच्या हाताची पाच बोटं सारखी नसतात म्हणतो, स्वभावाला औषध नाही म्हणतो, आणि प्रश्न तिथेच गुंडाळून ठेवतो. म्हण हाताशी असली की पुढे विचारायची गरज उरत नाही. त्या माणसानं तोच घरगुती प्रश्न उचलला आणि चव्वेचाळिशीत, हातातलं नावारूपाला आलेलं काम बाजूला ठेवून, कॅलिफोर्नियातल्या पसाडेनाच्या कॅल्टेक या विज्ञानसंस्थेत मेंदूवर काम करणाऱ्या रॉजर स्पेरीच्या प्रयोगशाळेत वर्षभरासाठी जाऊन बसला. मग तिथलाच झाला. आणि एक गोष्ट मला कुठल्याही पदकापेक्षा मोलाची वाटली. तो रात्रीचा माणूस होता. दिवस डोक्यावर आल्यावर प्रयोगशाळेत यायचा आणि जग झोपलेलं असताना काम करायचा.

त्याचं पहिलं यंत्र इतकं साधं आहे की ते पाहून मला माझ्या बाटल्या आठवल्या. काचनळ्यांच्या दोन रांगा, तोंडाला तोंड लावून. पहिल्या नळीत माश्या टाकायच्या, टेबलावर हलकेच आपटून त्यांना तळाला पाडायचं, नळी आडवी करायची आणि पलीकडच्या टोकाला दिवा लावायचा. डिवचलेली फळमाशी उजेडाकडे पळते. आम्हीही बाटली बदलताना हेच करायचो. तळहातावर बाटली ठोकायची, माश्या खाली पडायच्या, आणि क्षणभरात सगळा थवा खिडकीकडच्या काचेवर चढायला लागायचा. पळालेल्या माश्या सरकत्या रांगेतून पुढच्या नळीत, राहिलेल्या मागच्या नळीत. पुन्हा आपटायचं, पुन्हा दिवा. असं काही वेळा केलं की माश्यांची आपोआप चाळण होते. दर वेळी गेलेल्या एका टोकाला, एकदाही न गेलेल्या दुसऱ्या टोकाला. रसायनशास्त्रात मिश्रणं वेगळी करायची जी रीत होती तीच त्यानं माश्यांच्या वागण्याला लावली. हे 1967मध्ये छापून आलं.

माझ्या आठवणीतही अशा माश्या आहेत. थवा खिडकीकडे गेला तरी एखाददुसरी तळाशीच फिरत राहायची. आम्ही तिला अशक्त समजून फेकून द्यायचो, मोजणीत गडबड नको म्हणून. बेंझर तिलाच उचलून वेगळ्या बाटलीत ठेवायचा. तिला दिसत नाही का? पाय चालत नाहीत का? की दिसतंय, पाय चालतायत, आणि तरी ती जात नाही? तिची संतती वाढवायची आणि तीही तशीच वागते का ते पाहायचं. त्याच्याआधीही वर्तनाच्या आनुवंशिकतेवर लोक काम करत होते. ते पिढ्यान् पिढ्या निवड करत जायचे, जसं शेतकरी बियाणं निवडतो, आणि शेवटी हाती यायची अनेक जनुकांची गुंतवळ. याची वाट निराळी होती. माश्यांना साखरपाण्यातून रसायन पाजायचं, त्यानं कुठेतरी एखादं जनुक बिघडेल, आणि मग कोणाचं वागणं बदललंय ते शोधत बसायचं. एकच खिळा बदलला की मजकुराचा अर्थ कुठे बदलतो ते बघावं, तसं. अण्णांना हे लगेच कळलं असतं. एका उलट्या खिळ्यानं काय होतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार!

रॉन कोनोप्का नावाचा विद्यार्थी त्याच्याकडे होता. फळमाशी कोषातून बाहेर पडते ती साधारण पहाटेला, हवेत दमटपणा असतो तेव्हा. कोनोप्कानं रसायन दिलेल्या माश्यांच्या शेकडो वंशावळी पाळल्या आणि भलत्या वेळी बाहेर पडणाऱ्या माश्या तो वेचत गेला. 1971मध्ये त्या दोघांनी तीन वंश जगापुढे ठेवले. एकाचा दिवस 19 तासांचा, एकाचा 28 तासांचा, आणि तिसऱ्याला दिवस-रात्र असा ठेकाच नाही, वाटेल तेव्हा जागा, वाटेल तेव्हा झोप. तिन्ही बिघाड एकाच जागी होते, एक्स गुणसूत्रावरच्या एकाच जनुकात. मॅक्स डेल्ब्रुक हा बेंझरचा ज्येष्ठ मित्र, विषाणूंच्या कामातला गुरूच म्हणा. एका जनुकावर वेळेचं भान चालतं हे शक्यच नाही, असं तो म्हणत राहिला. बेंझरचं उत्तर एवढंच होतं की अरे मॅक्स, ते जनुक आम्हाला सापडलंय.

ते घड्याळ चालतं कसं हे उलगडायला आणखी वर्षं गेली. 1984मध्ये दुसऱ्या दोन प्रयोगशाळांनी ते जनुक हाती घेऊन वाचलं. त्याच्या सूचनेवरून एक प्रथिन बनतं, रात्रभर साठत जातं, पुरेसं साठलं की पेशीच्या केंद्रकात शिरून स्वतःच्याच जनुकाला थांबवतं. मग ते हळूहळू विरतं, आणि विरलं की जनुक पुन्हा सुरू. आमच्या गच्चीवरच्या टाकीत तरंगता गोळा आहे. पाणी वर आलं की गोळा नळ बंद करतो, पाणी उतरलं की उघडतो. तसंच हे, फक्त एक फेरा पुरा व्हायला चोवीस तास लागतात. 2017चं नोबेल या कामाला मिळालं, हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना. बेंझर त्याआधी दहा वर्षं, 2007च्या नोव्हेंबरात गेला होता. कोनोप्का 2015मध्ये. त्याला तर विद्यापीठात कायमची जागासुद्धा मिळाली नव्हती, शोधनिबंध कमी पडले म्हणून. मला हे वाचताना राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

पण सगळंच वाचून मन भरून आलं असंही नाही. विषाणूंचं काम शिकायला बेंझर 1948च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बरला गेला होता. त्याच गावात 1910पासून 1939पर्यंत एक कचेरी होती. घरोघरी माणसं पाठवून ती कुटुंबांच्या वंशावळी काढायची, आणि मंदबुद्धी, गुन्हेगारी, दारिद्र्य हे रक्तातच असतं असं त्यावर लिहून ठेवायची. त्या कागदांच्या आधारानं अमेरिकेत माणसांची जबरदस्तीनं नसबंदी झाली. आणि आपल्याला यासाठी अमेरिकेत जायला नको. 1871च्या कायद्यानं इंग्रजांनी इथल्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणाआडच्या सेटलमेंटमध्ये बायकापोरांसकट माणसांना हजेरी द्यावी लागे. तो कायदा 1952मध्ये गेला, पण पारध्याच्या पोराकडे बघणारी नजर अजून पुरती गेलेली नाही. 'रक्तातच आहे' हे शब्द कोणत्या तोंडातून येतात यावर त्यांचं वजन ठरतं. आईच्या तोंडून ते अण्णांवरच्या मायेनं आले होते. हेच शब्द एखाद्या फौजदाराच्या तोंडी आले की अंगावर काटा येतो.

बेंझरच्याच प्रयोगशाळेत एका माशीचं नाव 'मठ्ठ' ठेवलं गेलं. इंग्रजीत शाळेतल्या ढ पोराला म्हणायचा तोच शब्द. हे मला आधी खुपलं. मग त्यांनी काय केलं ते नीट वाचलं. माश्यांना दोन वास द्यायचे, एका वासाबरोबर विजेचा हलका झटका. चांगल्या माश्या नंतर तो वास टाळतात. ही टाळत नव्हती. लगेच मठ्ठ म्हणून मोकळे झाले नाहीत ते. तिला वास येतो का, हे पाहिलं. येत होता. झटका जाणवतो का? जाणवत होता. चालता येतं का? येत होतं. सगळं धड होतं, फक्त अनुभव आणि वास यांची गाठ तिच्यात टिकत नव्हती. पुढे इतरांनी शोधून काढलं की तिच्या पेशींतला निरोप पोचवणारा एक रेणू मोडणारं विकर बिघडलेलं आहे. भाच्याच्या शाळेतल्या पालकसभेत मी एकदा वहिनीबरोबर गेले होते. तिथे त्याच्यादेखत, वही न उघडता, 'मठ्ठच आहे हो' असं सांगितलं गेलं होतं. त्याला फळ्यावरचं दिसत नाही हे आठ महिन्यांनी चष्म्याच्या दुकानात कळलं. माशीला जेवढी संधी मिळाली तेवढी त्याला मिळाली नव्हती. तो चष्मा लावून पहिल्यांदा बाहेर आला तेव्हा पिंपळाकडे बघत उभा राहिला होता आणि म्हणाला होता, "आत्या, याला वेगवेगळी पानं आहेत."

हे सगळं तिकडे कॅलिफोर्नियातच राहिलं असंही नाही. ओबेद सिद्दीकींना होमी भाभांनी 1962मध्ये बोलावून घेतलं आणि कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला लागून असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा राहिला. सत्तरच्या दशकात सिद्दीकी बेंझरकडे गेले. ऊब वाढली की लुळ्या पडणाऱ्या आणि गार झालं की पुन्हा उठून चालणाऱ्या माश्यांवर दोघांचा 1976चा निबंध आहे. परत आल्यावर त्यांनी मुंबईत चव आणि वास यांचा मागोवा घेतला. त्या कामात त्यांच्याबरोबर होती व्हेरोनिका रॉड्रिग्ज, गोव्याकडच्या घरातली, केनियात वाढलेली, त्यांचं काम वाचून मुंबईला पीएच.डी.साठी आलेली. चव-वास ओळखताना चुकणाऱ्या माश्या तिनं वेचल्या आणि त्या वाटेवर पुढे कित्येकांना चालतं केलं. 2010मध्ये कर्करोगानं गेली. आम्ही त्याच मुंबईत, लोकलनं जायच्या अंतरावर, बाटल्या धूत होतो आणि पाच गुणांचं टिपण पाठ करत होतो. कुणी एकदा तरी बोट धरून तिकडे न्यायला हवं होतं.

माणसांमध्येही ते घड्याळ सापडलंय. 2001मध्ये अमेरिकेत एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या घरातली माणसं पिढ्यान् पिढ्या संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला पेंगायची आणि पहाटे साडेचारला टक्क जागी व्हायची. कोनोप्काच्या माशीतल्या जनुकाचंच एक मानवी भावंड त्यांच्यात बदललेलं निघालं. उशिरा झोप येणाऱ्या काही कुटुंबांमध्ये घड्याळाच्या दुसऱ्या एका जनुकात बदल मिळाला, तो 2017मध्ये. मी हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "साडेसातला झोपायची परवानगी असते का त्यांच्या घरात?" तिला त्यांचा हेवा वाटला असावा. पण म्हणून मी लगेच अण्णांना त्या खणात घालून मोकळी होत नाही. बहुतेक माणसांचं झोपणं-उठणं अनेक जनुकांवर, वयावर, उजेडावर, कामावर मिळून ठरतं. इरा सोळा वर्षांची आहे, आणि त्या वयात सगळ्यांचंच घड्याळ मागे सरकतं. शिवाय उशाशी मोबाइल असतो. तिच्यात अण्णा किती आणि तो चकाकता पडदा किती, हे मला घरबसल्या कुठून कळणार? बेंझर तरी काय करायचा? तो आधी मोजायचा. मी आधी चादर ओढली होती.

मग मी नुसतं बघायचं ठरवलं. दिवाळीच्या सुट्टीत तिचा मोबाइल तिच्याच संमतीनं रात्री नऊनंतर माझ्या कपाटात ठेवला, हाक मारणं बंद केलं, आणि कॅलेंडरच्या चौकोनांत ती कधी झोपली, कधी उठली ते लिहीत गेले. पहिले चार दिवस बारा वाजता दिवा मालवला गेला. मग साडेबारा, एक, सव्वा. दिवा चालू असायचा आणि ती पेन्सिलीनं काढत बसलेली, मागच्या अंगणातलं शेवग्याचं झाड, पान न् पान. सकाळी अकरापर्यंत तिच्या रेषेला काही अर्थ नसतो, हे तिनंच मला दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवलं. शाळा सुरू झाली की पुन्हा सहाचा गजर आहेच, त्यातून तिची सुटका मी करू शकत नाही. छापखान्यात रात्रपाळी मागता येत होती, दहावीच्या वर्गात येत नाही.

त्या सुट्टीतल्याच एका रात्री मला तहान लागून जाग आली. साडेचार वाजत आले होते. स्वयंपाकघरात दिवा होता आणि आल्याचा वास येत होता. आई अंघोळ करून, ओले केस पंच्यात बांधून ओट्याशी उभी होती. इरा ओट्यावरच चढून बसली होती, बोटांना पेन्सिलीचं काळं लागलेलं, अजून झोपायला जायची होती. आई चहा गाळताना सांगत होती, "तुझे आजोबा साडेसहाला यायचे ना, तेव्हा सगळा वाडा कामात असायचा. मग आम्ही दोघं मागच्या पायरीवर बसायचो कप घेऊन. त्यांची संध्याकाळ असायची आणि माझी सकाळ." इरानं विचारलं, "मग बोलायचात काय?" आई जरा थांबली. "रात्री काय काय छापलं ते सांगायचे. उद्याची बातमी मला सगळ्यांच्या आधी कळायची." मी पाणी न पिताच दारातून मागे वळले. फडताळातून तिसरा कप काढला असता तर काढता आला असता, पण त्या दोघींच्या कपांतून वाफ निघत होती आणि इरा पुढचं विचारायला तोंड उघडत होती.